एक संगणक, दोन एसएमपीएस

संगणक विकत घेताना प्रोसेसर कोणता, मेमरी किती, हार्डडिस्क केवढी याची चौकशी आपण बारकाईने करतो. कॅबिनेटच्या कोपऱ्यात बसवलेल्या, पंख्याची जाळी असलेल्या त्या पत्र्याच्या डब्याविषयी मात्र सहसा कोणी काही विचारत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या तपकीर गल्लीत या डब्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या एसी विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करून ती संगणकाच्या निरनिराळ्या भागांना पोहोचवणे, हे त्याचे काम.

साध्या घरगुती संगणकाला ४००-५०० वॅटचा एक एसएमपीएस पुरून उरतो. अडचण येते ती एकाच यंत्रात तीन-चार शक्तिशाली ग्राफिक्स कार्डे बसवायची असतात तेव्हा. अशा यंत्राची भूक दीड-दोन हजार वॅटवर जाते आणि दुकानात सहज मिळणारे मोठे एसएमपीएस १६०० वॅटच्या आसपास थांबतात. त्याहून मोठे मिळतात, पण महाग आणि शोधून आणावे लागतात. मग ‘घरात एक जादा एसएमपीएस पडलाच आहे, तोही जोडून टाकू’ हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तसे करता येते, आणि जगभर अनेकांनी ते केलेही आहे. मात्र दोन एसएमपीएस म्हणजे दुप्पट क्षमतेचा एक एसएमपीएस नव्हे. ते एकमेकांची ओळख नसलेले दोन स्वतंत्र वीजस्रोत असतात. त्यांची गाठ नीट न घातल्यास लाखालाखाची कार्डे निकामी होऊ शकतात. प्रसंगी आगही लागू शकते.

ही गरज आली कोठून

एकाहून अधिक ग्राफिक्स कार्डे जोडण्याची हौस प्रथम खेळांच्या शौकिनांची होती. एनव्हिडियाने २००४ मध्ये ‘एसएलआय’ आणि एटीआयने २००५ मध्ये ‘क्रॉसफायर’ हे तंत्र आणले, तेव्हा दोन कार्डे एकत्र चालवून खेळाचा वेग वाढवणे हा त्यांचा हेतू होता. ती हौस पुढे ओसरली. परंतु ग्राफिक्स कार्डाचा उपयोग चित्रांखेरीज गणितासाठीही होतो हे एव्हाना संशोधकांच्या लक्षात आले होते. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाने २००९ मध्ये ‘फास्ट्रा-२’ नावाचा संगणक तयार केला. त्यात सात कार्डांवर मिळून १३ ग्राफिक्स प्रोसेसर होते आणि क्ष-किरण प्रतिमांवरून वस्तूची त्रिमिती रचना उभी करण्याची किचकट आकडेमोड त्यावर चाले. त्याला वीज पुरवण्यासाठी १५०० वॅटचा एक मुख्य एसएमपीएस होता आणि केवळ ग्राफिक्स कार्डांसाठी ४५० वॅटचे तीन वेगळे. आज ज्या प्रश्नाचा विचार आपण करतो आहोत, त्याचे उत्तर तेथे तेव्हाच शोधले गेले होते.

त्यानंतर आले इथेरियमचे खाणकाम. लाकडी वा ॲल्युमिनियमच्या मांडणीवर सहा-आठ कार्डे आणि दोन-तीन एसएमपीएस, असे दृश्य त्या काळात नेहमीचे होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचे ते खाणकाम थांबले. आता अशी यंत्रे बांधतात ते प्रामुख्याने कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रारूपे स्वतःच्या संगणकावर चालवू पाहणारे विद्यार्थी, छोट्या कंपन्या आणि हौशी मंडळी. एका कार्डाची मेमरी पुरत नाही, म्हणून चार कार्डे.

बँकांतील वा दूरसंचार कंपन्यांतील सर्व्हरनाही दोन-दोन पॉवर सप्लाय असतात, हे काही वाचकांनी पाहिले असेल. पण तेथील हेतू निराळा. एक बंद पडला तर दुसऱ्याने सारा भार उचलावा यासाठी ती जोडी मुद्दाम तशी घडवलेली असते आणि भार कसा वाटून घ्यायचा हे त्या दोघांना ठाऊक असते. दुकानातील साध्या एसएमपीएसला ही विद्या अवगत नसते.

आधी बेरीज

उदाहरणासाठी एनव्हिडियाची ‘आरटीएक्स ३०९०’ ही चार कार्डे घेऊ. प्रत्येकाची मेमरी २४ जीबी, म्हणून चारांची ९६ जीबी होते. २०२० मध्ये आलेले हे कार्ड ३५० वॅट घेते. चारांचे झाले १४००. इतकी कार्डे सामावणारा वर्कस्टेशन प्रोसेसर २८० वॅटचा धरू. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांचे १०० वॅट. एकूण १७८० वॅट.

ही झाली सरासरी. ग्राफिक्स कार्डाची मागणी सपाट नसते. काही मिलिसेकंदांपुरती ती दीडपट, कधी त्याहूनही अधिक उसळी घेते. चारही कार्डांना एकाच क्षणी काम मिळाले की उसळ्याही एकदमच येतात, एसएमपीएसचे संरक्षक मंडल त्याला धोका समजते आणि भर कामात संगणक बंद पडतो. २०२२ मध्ये आलेल्या ‘एटीएक्स ३.०’ या मानकाने मोठ्या एसएमपीएसनी अशा क्षणिक उसळ्या सोसल्या पाहिजेत अशी अट घातली. जुन्यांच्या बाबतीत हात राखूनच हिशेब करावा. बेरजेवर निदान वीस-पंचवीस टक्के शिल्लक हवी.

येथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ग्राफिक्स कार्डाला वेगाची कमाल मर्यादा असते तशी विजेचीही असते, आणि ती आज्ञावलीतून खाली आणता येते. ३५० वॅटचे कार्ड २५० वॅटवर चालवले तर वीज जितकी कमी होते, त्या मानाने वेग बराच कमी घटतो. आपल्या उदाहरणात चार कार्डांचे १००० वॅट होतील, एकूण १३८०, आणि मग चांगल्या प्रतीचा १६०० वॅटचा एकच एसएमपीएस सांभाळून घेऊ शकेल. दुसरा एसएमपीएस आणण्यापूर्वी हा मार्ग अवश्य पडताळून पाहावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फुकट आहे, आणि वायरींचे जंजाळही वाढत नाही.

भिंतीतला सॉकेट

दोन एसएमपीएसची चर्चा परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अधिक होते. त्यामागे एक साधे कारण आहे. तेथील घरगुती वीज १२० व्होल्टची असते आणि नेहमीचे सर्किट १५ अँपियरचे. म्हणजे १८०० वॅट. सलग चालणाऱ्या भारासाठी त्याच्या ८० टक्के, म्हणजे १४४० वॅटच धरतात. त्यामुळे मोठे यंत्र तेथे एका सॉकेटवर चालतच नाही आणि दोन एसएमपीएस दोन निरनिराळ्या सर्किटवर लावावे लागतात.

आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने गणित बदलते. १७८० वॅट यंत्राला हवे असतील आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ९२ टक्के धरली, तर भिंतीतून सुमारे १९३५ वॅट, म्हणजे साधारण साडेआठ अँपियर ओढले जातील. दिवा-पंख्याच्या बोर्डावरील लहान सॉकेट ६ अँपियरचा असतो. त्याची मजल १३८० वॅटपर्यंत. गीझर वा एसीसाठी असतो तो जाड भोकांचा १६ अँपियरचा सॉकेट ३६८० वॅटपर्यंत जातो. म्हणून अशा यंत्राला १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, त्यामागे योग्य जाडीची वायर आणि योग्य एमसीबी हवा. दोन एसएमपीएस घेतले म्हणून दोन्हींचे प्लग एकाच ६ अँपियरच्या एक्स्टेन्शन बोर्डात खुपसणे, ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक आहे. संगणकाच्या आतील भार वाटला गेला, तरी त्या बोर्डाच्या एका वायरीवर तो पुन्हा एकवटतोच.

अर्थिंगचा प्रश्न याहून नाजूक. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. अशा ठिकाणी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना असेल. एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळण्यासाठी असलेल्या कपॅसिटरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर उतरतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर आपली वाट पाहतो. दोन एसएमपीएस म्हणजे दोहोंची गळती एकत्र. अर्थिंग तपासून घेतल्यावाचून पुढचे पाऊल टाकूच नये. दोन्ही प्लग शक्यतो एकाच सर्किटवर, एकाच अर्थिंगवर असावेत. थ्री-फेज जोडणीच्या घरात शेजारशेजारच्या दोन खोल्यांतील सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

काळी वायर आणि पिवळी वायर

एसएमपीएसमधून निघणाऱ्या काळ्या वायरी म्हणजे ग्राउंड, अर्थात शून्य व्होल्ट. पिवळ्या १२ व्होल्टच्या. ग्राफिक्स कार्डाला येणारी वीज जशी पिवळीतून येते, तशी ती काळीतून परत जाते. शिवाय मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यातील संदेशही याच शून्याच्या तुलनेत मोजले जातात. म्हणून दोन्ही एसएमपीएसचे शून्य एकच असले पाहिजे. दोन्ही डबे एकाच धातूच्या कॅबिनेटला वा मांडणीला स्क्रूने घट्ट बसवले, तर ही गाठ आपोआप पडते, कारण काळ्या वायरी आतून डब्याच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. दुसरा एसएमपीएस बाहेर लाकडी टेबलावर सुटा ठेवला, की ही गाठ कार्डातून जाणाऱ्या बारीक वाटांवर अवलंबून राहते आणि त्या वाटा अशा भारासाठी केलेल्या नसतात. टेबलावर ठेवणे भागच असेल, तर दोन्ही डब्यांचे पत्रे जाड वायरीने एकमेकांना जोडावेत.

पिवळ्या वायरींचा नियम नेमका उलटा. त्या एकमेकींना कधीही जोडायच्या नाहीत. दोन एसएमपीएस १२ व्होल्टचे म्हटले, तरी एक १२.१ देतो, दुसरा ११.९. त्या एकत्र केल्या तर कणभर जास्त दाबाचा एसएमपीएस सारा भार स्वतःवर ओढून घेतो आणि दुसरा स्वस्थ बसतो. पहिला दमून बंद पडला की भार अवचित दुसऱ्यावर आदळतो. तेव्हा एका कार्डाच्या दोन-तीन कनेक्टरांपैकी एक या एसएमपीएसचा, दुसरा त्या एसएमपीएसचा, असा सरमिसळ संसार मांडू नये. एका कार्डाचे सारे कनेक्टर एकाच एसएमपीएसचे असावेत.

एकाच वेळी चालू, एकाच वेळी बंद

एटीएक्स एसएमपीएस भिंतीचे बटण दाबल्याने पूर्ण सुरू होत नाही. त्याच्या २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरात एक हिरवी वायर असते. आपण कॅबिनेटचे बटण दाबतो तेव्हा मदरबोर्ड ती हिरवी वायर काळीशी, म्हणजे शून्याशी जोडतो आणि एसएमपीएस जागा होतो. दुसऱ्या एसएमपीएसचा २४ पिनी कनेक्टर मोकळाच लोंबत असल्याने त्याला हा निरोप मिळत नाही. जुने खाणकामगार हिरव्या-काळ्या पिनांत कागदाची टाचणी वाकवून खुपसत आणि मागच्या बटणाने तो चालू-बंद करीत. एसएमपीएस जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी दुरुस्तीवालेही ही युक्ती वापरतात. परंतु रोजच्या वापरासाठी ती वाईट आहे. मदरबोर्ड बंद आणि कार्डाला वीज सुरू, अशी स्थिती राहिली तर कार्डातून मदरबोर्डकडे नको त्या वाटेने वीज शिरू शकते; उलट मदरबोर्ड आधी सुरू झाला तर वीज नसलेले कार्ड त्याला दिसतच नाही.

यावर दोन सोपे उपाय बाजारात आहेत. पहिला म्हणजे दोन एसएमपीएसच्या हिरव्या आणि काळ्या वायरी एकत्र आणणारी दुतोंडी केबल. मदरबोर्डचा निरोप दोघांनाही एकदमच जातो. दुसरा म्हणजे रिले बसवलेली लहानशी पट्टी. पहिल्या एसएमपीएसचा चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर तिला लावायचा. त्यातून वीज आली की रिले ‘टक्’ करून दुसऱ्याची हिरवी-काळी जोडतो. पहिला बंद झाला की दुसराही बंद होतो. दोन्ही साधने स्वस्त आहेत आणि दोन्ही चालतात. रिलेच्या पट्टीत दोन्ही एसएमपीएसचे निरोप एकमेकांपासून अलग राहतात, म्हणून माझा कल तिच्याकडे आहे. मात्र दुसरा एसएमपीएस मध्येच बंद पडला तर पहिल्याला ते कळत नाही, ही उणीव दोन्हींत राहतेच. तशा वेळी कार्डे अचानक नाहीशी होतात आणि संगणक बहुधा गोठतो.

यूपीएस वापरणाऱ्यांसाठी येथेच सांगितलेले बरे. पहिला एसएमपीएस यूपीएसवर आणि दुसरा थेट भिंतीवर, अशी जोडणी करण्याचा मोह होतो, कारण घरगुती यूपीएसला सारा भार झेपत नाही. पण वीज गेली की मदरबोर्ड जागा आणि कार्डे मृत, अशी अवस्था ओढवते. वारंवार वीज जाणाऱ्या गावी तर हे रोजचेच होईल. ठेवायचे तर दोन्ही यूपीएसवर, नाही तर एकही नाही.

कोणते कार्ड कोणाकडे

भार वाटताना एक छुपा खर्च लक्षात घ्यावा लागतो. ग्राफिक्स कार्ड आपली सगळी वीज वरच्या कनेक्टरांतून घेत नाही. ज्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत ते बसते, तिच्यातूनही ते ७५ वॅटपर्यंत घेऊ शकते. त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टचे. ही वीज मदरबोर्डमार्फत, म्हणजे पहिल्या एसएमपीएसकडूनच येते, कार्डाचे कनेक्टर कोणाचेही असोत. चार कार्डांचे हे २६४ वॅट, म्हणजे २२ अँपियर झाले. मदरबोर्डच्या २४ पिनी कनेक्टरात १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरी असतात अवघ्या दोन. इतका प्रवाह त्यांतून वाहिला तर कनेक्टर तापून काळवंडतो. म्हणूनच अनेक कार्डांसाठी बनवलेल्या मदरबोर्डवर खाचांसाठी वेगळा वीज कनेक्टर दिलेला असतो. तो रिकामा सोडू नये. आणि त्याला वीज पहिल्या एसएमपीएसचीच द्यावी.

आपल्या उदाहरणात पहिल्याकडे प्रोसेसरचे २८०, इतर १००, चारही खाचांचे २६४ आणि एका कार्डाच्या कनेक्टरांचे २८४, असे ९२८ वॅट येतील. दुसऱ्याकडे उरलेल्या तीन कार्डांचे ८५२. उसळ्यांसाठी जागा ठेवायची तर पहिला १२०० ते १३०० वॅटचा आणि दुसरा ११०० ते १२०० वॅटचा घ्यावा. असा साधारण पाऊण क्षमतेचा भार एसएमपीएसला मानवतोही. त्याची कार्यक्षमता सर्वांत चांगली असते ती मात्र साधारण निम्म्या भाराच्या आसपास.

कार्ड दूर बसवण्यासाठी ‘रायझर’ वापरतात, तेथे हिशेब पुन्हा बदलतो. रुंद फितीसारख्या रायझरमधून खाचेची वीज मदरबोर्डवरूनच येते, म्हणून वरील नियम तसाच लागू. खाणकामातल्या छोट्या रायझरला मात्र स्वतःचा वीज कनेक्टर असतो. त्याला आणि त्यावरील कार्डाला एकाच एसएमपीएसची वीज हवी. हे रायझर हार्डडिस्कच्या चपट्या ‘साटा’ कनेक्टरवर चालवण्यासाठी जोडकेबल मिळते. ती घेऊ नये. त्या कनेक्टरातून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त साडेचार अँपियर, म्हणजे ५४ वॅट वाहावेत अशी रचना आहे आणि कार्ड ६६ वॅट मागू शकते. वितळलेल्या प्लॅस्टिकच्या वासाच्या अनेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

आता केबलींविषयी. आठ पिनांच्या कनेक्टरातून १५० वॅट वाहावेत असे मानक सांगते. एका केबलच्या टोकाला दोन कनेक्टर असले, तरी मोठ्या कार्डाला प्रत्येक कनेक्टरसाठी स्वतंत्र केबल द्यावी. २०२२ नंतरच्या कार्डांवरील १६ पिनांचा ६०० वॅटचा कनेक्टर पूर्ण आत बसला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याचे प्रकार घडले आहेत. दोन वेगळ्या एसएमपीएसच्या सुट्या केबली तर कदापि मिसळू नयेत. कार्डाच्या बाजूचे टोक सर्वांचे सारखे असते, पण एसएमपीएसच्या बाजूचे टोक प्रत्येक कंपनी आपल्या मनाने रचते. ते भोकात बसते, आणि १२ व्होल्ट जेथे नकोत तेथे जातात. दोन एसएमपीएसच्या केबलींना निरनिराळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावून ठेवणे हा यावर दोन रुपयांचा उपाय आहे.

उष्णतेचाही विचार आधीच करावा. भिंतीतून घेतलेले १९३५ वॅट अखेर खोलीतच उष्णता होऊन उतरतात, म्हणजे बंद खोलीत रूम हीटर लावल्यासारखेच. त्यासाठी एसीची अर्ध्या टनाहून थोडी अधिक क्षमता खर्ची पडेल. रोज आठ तास पूर्ण भाराने चालवल्यास सुमारे साडेपंधरा युनिट. महिन्याचे ४६५ च्या घरात, एसीचे वेगळे.

सारे जोडून झाल्यावर चारही कार्डे एकदम कामाला लावू नयेत. प्रथम फक्त पहिल्या एसएमपीएसवरील कार्डासह संगणक सुरू करावा, तो बंद करून दुसऱ्यावरील एकेक कार्ड वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी दोन्ही एसएमपीएसचे पंखे एकत्र सुरू आणि एकत्र बंद होतात ना, हे पाहावे. पूर्ण भार अर्धा तास चालवून मग भिंतीतील प्लग, एक्स्टेन्शनची वायर, २४ पिनी कनेक्टर आणि कार्डांचे कनेक्टर यांना वरून हात लावून पाहावा. कोमट लागले तर हरकत नाही. बोट ठेववत नसेल, तर यंत्र तत्काळ बंद करून ती जोडणी बदलावी.